ऑफिसातला कचरा आणि भंगारवाल्याचा काटा

कार्यालयातल्या डब्यात पडणाऱ्या वस्तूंची एक सोपी वाटणी करता येते: ज्यांना पुढे गिऱ्हाईक आहे अशा, आणि ज्यांना नाही अशा. दोन्ही बाजूंनी छापलेला कागद, खोक्याचा पुठ्ठा, पाण्याची रिकामी बाटली, शीतपेयाचा डबा, बंद पडलेला संगणक यांना गिऱ्हाईक असते. चहाचा कागदी कप, वेफरचे पाकीट, हात पुसलेला टिश्यू, बिलाची गुळगुळीत पावती यांना जवळपास नसते. पहिल्या गटातला माल दुसऱ्या गटापासून वाचवून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवला, तरच पुढे पुनर्चक्रण होते. निळे-हिरवे डबे, भिंतीवरची बाणांची चित्रे, स्वच्छतेच्या सामुदायिक शपथा ही सगळी तयारी झाली. माल खरोखर पुढे गेला की नाही, हे भंगारवाल्याच्या काट्यावर कळते.

या विषयावर मराठीत बोलताना 'पुनर्वापर' आणि 'पुनर्चक्रण' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि मग कामातही गोंधळ होतो. पाठकोऱ्या कागदावर कच्चे टिपण काढणे हा पुनर्वापर. तोच कागद गिरणीत जाऊन त्याचा लगदा होणे आणि त्या लगद्यातून नवा कागद किंवा पुठ्ठा निघणे हे पुनर्चक्रण. पहिल्याला वीज, पाणी, वाहतूक यांतले काहीच लागत नाही. दुसऱ्याला तिन्ही लागतात. पाठकोरे कागद न वापरता थेट रद्दीत जात असतील, तर त्या कार्यालयाच्या रद्दीचे वजन वाढलेले दिसेल, पण ती वाढ मिरवण्यासारखी नाही.

माल पुढे जातो कुठे

भारतात सुका कचरा कारखान्यापर्यंत नेणारी साखळी बहुतांशी असंघटित आहे. कार्यालयाचे सफाई कर्मचारी किंवा कचरावेचक माल वेगळा काढतात. जवळचा भंगारवाला तो किलोवर घेतो. त्याच्याकडून एकेका मालाचा ठोक व्यापारी उचलतो आणि शेवटी कागद गिरणीत, काच व धातू भट्टीत, प्लास्टिक दाणे पाडणाऱ्या कारखान्यात जाते. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 साली संघटना बांधली तेव्हा तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे ठेवले. त्यातले पहिले तीन शब्द म्हणजे भंगाराच्या दुकानातली जुनी वर्गवारीच आहे. प्लास्टिकचा पसारा त्यात नंतर आला. याच चळवळीतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 साली पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. मुंबईतल्या प्लास्टिकचा बराच भाग धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये येतो. तिथे तो हाताने निवडला जातो, दळला जातो, धुऊन वाळवला जातो आणि त्याचे दाणे पाडले जातात.

माल ओळखण्याची या धंद्याची स्वतःची भाषा आहे. साच्यात हवा भरून फुगवलेल्या जाड बाटल्या-डब्यांचे प्लास्टिक म्हणजे 'फुगा'. वाकवले की कट्‌कन मोडते ते 'कडक'. निवडणाऱ्या बाईला त्यासाठी यंत्र लागत नाही. तुकडा वाकवून, नखाने ओरखडून, आपटून त्याचा आवाज ऐकून ती सांगते की हा कोणत्या ढिगात जाईल. कार्यालयातल्या कुणालाही इतके ज्ञान असण्याची गरज नाही. त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की हा माल तिच्या हातात कोरडा आणि स्वच्छ पडावा.

ही साखळी भावावर चालते. कच्चे तेल उतरले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याची मागणी घटते. मग काल घेतला जाणारा माल आज कुणी घेत नाही. त्यामुळे एखादी वस्तू पुनर्चक्रणाला चालते का, याचे उत्तर वेष्टणावरच्या बाणांत मिळत नाही. आपल्या भागातला भंगारवाला ती घेतो का आणि कोणत्या अवस्थेत घेतो, यावर ते ठरते. सगळ्यात मोठी चूक होते ती चांगुलपणातून. तेलकट झालेले पिझ्झाचे खोके, फुटलेला चिनीमातीचा कप, प्लास्टिक चढवलेले प्रमाणपत्र या वस्तू 'होईल यांचे काहीतरी' म्हणून सुक्या डब्यात टाकल्या जातात. टाकणाऱ्याचे मन हलके होते, निवडणाऱ्याचे ओझे वाढते, आणि डब्यातला चांगला मालही नासतो. चिनीमातीचा तुकडा काचेच्या भट्टीत वितळत नाही. नव्या बाटलीत तो खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकते. शंका असेल तेव्हा वस्तू विक्रीच्या डब्यात न टाकणे, हा या कामातला पहिला नियम.

कागद: ऑफिसचा खरा माल

कार्यालयाच्या कचऱ्यात सर्वांत सोपा, भरवशाचा आणि पैसे देणारा माल म्हणजे कागद. रद्दीच्या बाजारात त्याच्या प्रती पडतात. पांढरा छपाईचा कागद वरच्या भावाचा, वर्तमानपत्र वेगळे, तपकिरी पुठ्ठा वेगळा, आणि सगळे एकत्र झाले की तो मिश्र कागद, सर्वांत खालच्या भावाचा. दिवसभराचा प्रिंटरचा कागद पुठ्ठ्याच्या तुकड्यांत आणि पाकिटांत कालवला की वरच्या भावाचा माल फुकटात खालच्या भावात जातो. प्रिंटरशेजारी कागदापुरते एक उघडे खोके ठेवले तर हे नुकसान जवळजवळ संपते, आणि त्या खोक्याला खर्च काहीच नाही. प्रिंटरचा कागद ज्यात येतो तेच खोके चालते.

गिरणीत काय होते हे समजले की कागदाचे सगळे नियम आपोआप कळतात. रद्दी पाण्याने भरलेल्या प्रचंड हौदात टाकून घुसळतात. कागदातले सेल्युलोजचे तंतू सुटे होऊन लगदा तयार होतो. पिना, क्लिपा, प्लास्टिकचे तुकडे चाळण्यांवर अडकतात किंवा जडपणाने खाली बसतात. पांढरा कागद करायचा असेल तर लगद्यात साबणासारखी रसायने घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाई बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि तो फेस काढून टाकतात. मग लगदा जाळीवर पसरून, दाबून, वाळवून कागद होतो. मुंबई-पुण्याकडून निघालेला पुष्कळ पुठ्ठा राज्याच्या सीमेपलीकडे, गुजरातेतल्या वापीच्या तपकिरी कागदाच्या गिरण्यांत जातो आणि पुन्हा खोक्याच्या रूपाने परततो.

या कारखान्याच्या नजरेने पाहिले तर स्टेपलची पिन काढत बसणे हा वाया गेलेला वेळ आहे; चाळणी ते काम करते. चिकट टिपणपत्र्या थोड्या असल्या तरी चालतात. चालत नाही ते पाण्यात न सुटणारे: प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला कागद, प्लास्टिकची पारदर्शक पाकिटे, फायलींची प्लास्टिक कव्हरे, स्पायरल बांधणीची गुंडाळी. कागद फाडून पाहणे ही यातली साधी परीक्षा. फाटलेल्या कडेला तंतू दिसले तर तो कागद. ताणून लांबणारा पापुद्रा दिसला तर त्यावर प्लास्टिक आहे. टिश्यू आणि हात पुसायचे कागद फाटून तंतू दाखवतात खरे, पण तरी ते रद्दीत चालत नाहीत. त्यांतले तंतू आधीच आखूड झालेले असतात, ओलेपणात टिकावेत म्हणून काहींवर रसायन असते, आणि ते वापरून मळलेले असतात. त्यांची जागा ओल्या कचऱ्यात.

बिलाच्या आणि कार्ड-यंत्राच्या पावत्या कागदच वाटतात, पण त्यांत शाई नसते. उष्णतेने काळा पडणारा रासायनिक थर त्यांवर असतो, आणि त्यात बिस्फेनॉल गटातली रसायने वापरली जातात. पावतीवर नखाने जोरात ओरखडा काढला आणि काळी रेघ उमटली की ती याच जातीची. अशा पावत्या रद्दीत गेल्या तर ही रसायने पुढच्या कागदात उतरतात. खर्चाच्या परताव्यासाठी पावत्यांचे गठ्ठे जमा होणाऱ्या लेखा विभागात हे आवर्जून सांगावे लागते.

गोपनीय कागद ही कार्यालयाची खरी अडचण. भीतीपोटी सगळेच कागद यंत्रातून बारीक कापले जातात. कापल्याने तंतू आखूड होतात, अगदी बारीक चुरा चाळणीतून वाहून जातो, आणि सुटा चुरा भंगारवाल्याला नेणे अवघड असल्याने तो घ्यायला कुरकुरतो. म्हणून पगारपत्रके, ओळखपत्रांच्या प्रती, करारांचे मसुदे एवढेच कापावेत, आणि चुरा बांधलेल्या वेगळ्या पिशवीत द्यावा. एका तंतूचे आयुष्य तसेही मर्यादित असते. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो इतका आखूड होतो की त्याचा कागद टिकत नाही. अंड्याच्या ट्रेसारख्या वस्तूंत त्याचा शेवट होतो. प्रत्येक फेरीत थोडा नवा तंतू मिसळावाच लागतो, त्यामुळे रद्दी दिली म्हणजे झाड वाचले, हे गणित सांगितले जाते तितके सरळ नाही.

सरकारी कार्यालयांत यावर आणखी एक पायरी असते. महाराष्ट्रात शासकीय अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते: 'अ' वर्गातले कायम जपायचे, 'ड' वर्गातले वर्षभराने नष्ट करता येतात, मधल्यांच्या मुदती ठरलेल्या. ही वर्गवारी वेळेवर झाली नाही की 'ड' मधले लाल फितीतले गठ्ठेही 'अ' सारखे दशकानुदशके कपाटात बसतात. तोवर वाळवी आणि ओल त्यांचा निकाल लावते, आणि मग त्यांना रद्दीवालाही हात लावत नाही.

चहाची जागा

कार्यालयातला चांगला माल नासतो तो चहापाण्याच्या कोपऱ्यात. अर्धा पेला उरलेला चहा सुक्या डब्यात ओतला गेला की डब्यातला कागद भिजतो. बंद पिशवीत दोन दिवसांत त्याला बुरशी येते, आणि व्यापारी ओलीच्या नावाने वजन कापतो किंवा माल परत करतो. दहा जणांनी नीट टाकलेला कागद अकराव्याच्या पेल्याने वाया जातो. यावर उपाय साधा आहे: डब्यांच्या आधी एक बादली किंवा मोरी, उरलेले पेय ओतून टाकण्यासाठी. बऱ्याच कार्यालयांत डबे असतात तीन आणि मोरी असते लांब. मग लोक जे करतात ते त्या मांडणीमुळे करतात.

कागदी कप हा या कोपऱ्यातला सर्वांत फसवा पाहुणा. नुसता कागद असता तर तो चहात भिजून विरला असता. आतून चढवलेल्या पॉलिथिनच्या पातळ थरामुळे तो टिकतो. हा थर कागदापासून सोडवायला वेगळी यंत्रणा लागते, आणि ती आसपास नसेल तर कप रद्दीत चालत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी 2020 साली दाखवले की 15 मिनिटे गरम पेय राहिले तर 100 मिलिलिटर पेयात या थरातून सूक्ष्म प्लास्टिकचे सुमारे 25,000 कण उतरतात. स्टीलचे किंवा चिनीमातीचे कप धुऊन वापरणे हा याला उपाय आहे आणि तो पुनर्चक्रणाच्या प्रश्नातून कपाला बाहेरच काढतो. ताकाच्या किंवा रसाच्या चौकोनी खोक्यांचेही तसेच: सुमारे तीन चतुर्थांश कागद, उरलेले प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा अगदी पातळ पत्रा. ती वेगळी घेणारे संकलन केंद्र असेल तिथेच द्यावीत, रद्दीत नकोत.

प्लास्टिकच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि 1 ते 7 पैकी एक आकडा असतो. हे आकडे अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988 साली आणले, ते प्लास्टिकची जात सांगण्यासाठी. बाणांमुळे जगभर समज झाला की हे पुनर्चक्रण होते. बाण मुळात 1970 साली गॅरी अँडरसन नावाच्या विद्यार्थ्याने कागदी मालाच्या एका स्पर्धेसाठी काढलेल्या चिन्हाची आठवण करून देतात, आणि गैरसमज पिकण्याला तेच पुरेसे ठरले. 2013 मध्ये प्रमाणित आराखड्यातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण करण्यात आला, पण साचे जुनेच असल्याने बाण अजून सगळीकडे दिसतात.

व्यवहारात 1, 2 आणि 5 यांना चांगले गिऱ्हाईक आहे. 1 म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या. त्यांतून कपड्यांचा धागाही निघतो. 2 म्हणजे हात धुण्याच्या द्रवाच्या, फरशी पुसण्याच्या औषधाच्या जाड बाटल्या, भंगारातला 'फुगा'. 5 म्हणजे घरपोच जेवणाचे डबे आणि बाटल्यांची काही झाकणे. बाटलीचे झाकण काढावे की ठेवावे यावर वाद घालण्याची गरज नाही. दळलेला चुरा पाण्याच्या टाकीत टाकला की 1 क्रमांकाचे प्लास्टिक बुडते आणि झाकणाचे तरंगते. निवड पाणीच करते. 3 क्रमांकाचे पीव्हीसीही मात्र बुडते, बाटल्यांच्या चुऱ्यात मिसळते, आणि वितळवताना आम्ल सोडून अख्खा घाणा नासवते. बाटली रिकामी असावी आणि दाबून चपटी करावी, म्हणजे पोत्यात हवेऐवजी माल भरतो.

घरपोच जेवणाच्या डब्याला एकदा पाणी दाखवले की तो विकला जातो. रस्सा तसाच ठेवून बंद केला तर नाही. काळ्या डब्याला पारदर्शकापेक्षा कमी भाव येतो, कारण काळा रंग पुढे काळ्याच वस्तूत जाऊ शकतो. वेफर-बिस्किटांची चकचकीत पाकिटे अनेक थरांची असतात आणि ते थर वेगळे करता येत नाहीत. गोळा झालीच तर ती सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाच्या जोडीला जळण म्हणून जातात. त्याला पुनर्चक्रण म्हणू नये. नव्या संगणकाबरोबर येणारा थर्माकोल जवळजवळ सगळा हवाच असतो. पोतेभर थर्माकोलचे वजन किलोभरही होत नाही, म्हणून भंगारवाला तोंड फिरवतो. खरेदी करतानाच पुरवठादाराला वेष्टण परत न्यायला सांगणे हा त्यावरचा चालणारा मार्ग. महाराष्ट्राने 2018 साली एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली आणि केंद्राची बंदी 1 जुलै 2022 पासून लागू झाली. तरी सभेच्या जेवणाबरोबर प्लास्टिकचे चमचे येतातच. ते कुणीही घेत नाही.

शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा डबा ही मात्र सुखाची गोष्ट. खनिजापासून नवा धातू काढण्यापेक्षा जुना वितळवायला सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते, आणि कितीही वेळा वितळवला तरी त्याचा कस जात नाही. तो कुणी फेकला तरी कुणीतरी उचलतोच.

उरलेले अन्न, चहाचा चोथा, फळांच्या साली यांना भंगारवाल्याकडे काम नाही, पण ती वेगळी काढल्याशिवाय बाकीचा माल सुका राहत नाही. क्षेपणभूमीवर पुरल्यावर ती हवेविना कुजून मिथेन सोडतात. मुंबईची देवनार क्षेपणभूमी 2016 च्या जानेवारीत कित्येक दिवस धुमसली, त्यामागे कचऱ्यात साठलेला वायू होता. चाळीस-पन्नास माणसांच्या कार्यालयाचा चोथा आणि साली गच्चीवरच्या दोन पिंपांत सहज जिरतात. डब्यातून येणाऱ्या भाजी-पोळीचा प्रश्न त्याहून सोपा, कारण घरचा डबा सहसा रिकामाच परततो. ओला कचरा वाढवतात ती सभांची जेवणे.

बंद पडलेली यंत्रे

रद्दी नासली तर शेकड्यांचे नुकसान होते. यंत्रांचा कचरा चुकला तर माणसांच्या अंगाशी येते. जगभरात 2022 साली 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद नाही. हे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातले आकडे. संगणकाच्या हिरव्या पट्टीवर सोने, चांदी, तांबे, पॅलेडियम असते, आणि टनामागे सोन्याचे प्रमाण खाणीतल्या खनिजापेक्षा जास्त भरते. त्यामुळे या कचऱ्याला गिऱ्हाईक मुबलक आहे, पण कुठलेही गिऱ्हाईक चालत नाही. दिल्लीच्या सीलमपुरात आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत वर्षानुवर्षे पट्ट्या उघड्या आम्लात बुडवून आणि तारा जाळून धातू काढला गेला. त्या धुरात आणि पाण्यात शिसे, कॅडमियम आणि आम्ल होते, आणि काम करणाऱ्यांत लहान मुलेही. भंगारवाल्याचा काटा हा पुनर्चक्रणाचा पुरावा, असे वर म्हटले. इथे तो पुरावा पुरत नाही.

2022 च्या ई-कचरा नियमांनुसार, जे 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, एका आर्थिक वर्षात कधीही नियमांच्या यादीतली किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था ही 'मोठी ग्राहक' ठरते, आणि तिने ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच देणे बंधनकारक आहे. दोनशे माणसांच्या कार्यालयातही संगणक, पडदे, प्रिंटर, फोन, वातानुकूलन यंत्रे मोजली की हजाराचा आकडा वाटतो तितका लांब राहत नाही. प्रिंटरची रिकामी काडतुसेही या नियमांच्या यादीत येतात. ती सुक्या डब्यात टाकली की उरलेली पूड सगळ्या कागदाला माखते. बरेच पुरवठादार ती परत घेतात, विचारावे लागते इतकेच.

जुने संगणक वर्षानुवर्षे कोठीत पडून राहतात याची कारणे दोन. एक म्हणजे त्यांतली माहिती. फाइल पुसली तरी चकतीवरून माहिती जात नाही. त्यासाठी चकतीवर नवी माहिती लिहून जुनी झाकणारी प्रणाली चालवावी लागते किंवा चकतीच मोडावी लागते. नोंदणीकृत संस्था हे काम करून तसे प्रमाणपत्र देतात. दुसरे कारण कागदपत्रांचे. सरकारी आणि अनुदानित कार्यालयांत जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंदलेले यंत्र रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय हलवता येत नाही, आणि निर्लेखनाची समिती बसायला मुहूर्त लागतो. तोवर यंत्राचा दुरुस्तीचा काळ निघून जातो. तीन वर्षांच्या आत बाहेर पडलेला संगणक एखाद्या शाळेत चालला असता. दहा वर्षांनी तो नुसता पत्रा उरतो.

बॅटऱ्यांचा हिशेब वेगळा. यूपीएसमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांना चांगला भाव आहे आणि त्याच कारणाने त्या उघड्यावर फोडून वितळवल्या जातात. नवी घेताना जुनी विक्रेत्याला परत देणे हाच सरळ मार्ग. लॅपटॉप, फोन आणि पॉवरबँकमधली लिथियमची बॅटरी दाबली, टोचली किंवा तिची टोके धातूला लागली की पेटू शकते. ती सुक्या डब्यात गेली तर कचऱ्याच्या गाडीत आग लागण्याचे निमित्त होते. टोकांवर चिकटपट्टी लावून, फुगलेली असेल तर इतर बॅटऱ्यांपासून दूर, वाळूच्या डब्यात ठेवावी. जळालेल्या ट्यूबमध्ये पाऱ्याचे काही मिलिग्रॅम असतात. ज्या खोक्यातून नवी ट्यूब आली त्याच खोक्यात जुनी घालून ठेवली तर ती न फुटता पुढे जाते, आणि हे काम विजेच्या कारागिराला सांगून होते.

डबे, माणसे, नियम

प्रत्येक टेबलाखाली एक डबा असणे ही सोय पुनर्चक्रणाची वैरीण आहे. हाताखाली डबा असला की सगळे त्यातच पडते, आणि संध्याकाळी सगळे डबे एकाच पिशवीत रिते होतात. टेबलाखालचे डबे काढून मजल्यावर दोन-तीन ठिकाणी डब्यांचे गट ठेवले तर चार पावले चालताना माणूस हातातली वस्तू पाहतो. सुक्याचा डबा कुठेही एकटा ठेवू नये. शेजारी ओल्याचा नसेल तर तोच ओल्याचा होतो. पाटीवर 'पुनर्चक्रणयोग्य' असा शब्द लिहिण्यापेक्षा त्याच कार्यालयातल्या खऱ्या वस्तूंची छायाचित्रे लावावीत: तोच कप, तीच बाटली, त्याच उपाहारगृहाचा डबा. स्वच्छतागृहातले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करण्याची पद्धत पुण्यात 'स्वच्छ'ने रुजवली, म्हणजे निवडणाऱ्या हाताला पुडी न उघडताच कळते.

या सगळ्याचा शेवट सफाई कर्मचाऱ्यांच्या हातात आहे, आणि नेमके त्यांनाच कुणी काही सांगत नाही. कामाच्या कंत्राटात मजला किती वेळा पुसायचा ते लिहिलेले असते. कचरा वेगळा ठेवायचा, त्यासाठी वेळ आणि हातमोजे द्यायचे, हे सहसा नसते. मग मावशी दोन रंगांचे डबे एका काळ्या पिशवीत रिकामे करतात, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच करील. कार्यालयातल्या लोकांनी ते एकदा पाहिले की दुसऱ्या दिवसापासून कुणी वेगळे टाकत नाही. भंगाराचे पैसे कुणाचे हेही आधी ठरावे. ते सफाई कर्मचाऱ्यांना मिळणार असतील तर डब्यावर पहारा ठेवावा लागत नाही. कोणता माल चालतो आणि कोणता परत येतो हे तेच सर्वांना सुनावतात.

कायद्याने हे सगळे ऐच्छिक ठेवलेले नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा करणाऱ्यालाच तो ओला, सुका आणि घातक अशा तीन भागांत वेगळा करायला सांगितले. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी विकाऊ माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांना द्यावा आणि ओला शक्यतो आवारातच जिरवावा, असेही त्यात होते. मुंबई महापालिकेने 2017 साली दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांच्या दारातून ओला कचरा उचलणे बंद करण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा मोठ्या संकुलांच्या व्यवस्थापकांनी खतपिंपांची चौकशी पहिल्यांदा केली.

वर्षातून दोनदा या व्यवस्थेची खरी परीक्षा होते: दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीला यंत्रे पुसून पूजा मांडायची म्हणून कपाटे रिकामी होतात तेव्हा, आणि मार्च अखेरीला, जुन्या वर्षाच्या फायली बाहेर पडतात तेव्हा. वर्षभर किलोकिलोने सांभाळलेली शिस्त त्या दोन दिवसांत मोडते, कारण फायली, तुटलेल्या खुर्च्या, तारांची भेंडोळी, कॅलेंडरे आणि मिठाईची खोकी एकाच ढिगात जिन्याखाली येतात आणि उद्या जागा हवी म्हणून जो येईल त्याला दिली जातात. भंगारवाल्याला आणि ई-कचरा नेणाऱ्याला आठवडाभर आधी निरोप द्यावा, जिन्याखाली चार जागा खडूने आखाव्यात, आणि वजन होताना कार्यालयातल्या एकाने काट्याशी उभे राहून आकडे वहीत मांडावेत.